पोटाचा काय? कोकणात राहून तत्त्वज्ञानाचा पेशा कसा उभा करावा

कुडाळच्या बाजारात एका ओळखीच्या आजोबांनी मला थांबवून विचारलं होतं, "बाय, तू तत्त्वज्ञान शिकवतस, तां खरा. पण पोटाचा काय?" तेव्हा मला हिशेब सांगता आला नाही, कारण सांगण्यासारखा हिशेबच नव्हता. आता थोडाफार आहे. तो इथे मांडते. एम.ए. झाल्यावर मुंबई-पुण्याला न जाता इकडेच राहून शिकवायचं, लिहायचं आणि लोकांना एकत्र बसवून विचार करायला लावायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. शिकवणं, लिहिणं आणि कार्यक्रम करणं हे तीन वेगळे धंदे समजून त्यांच्यामागे धावलात तर दोन वर्षांत दमाल. मी दमले होते. जमलं ते एक प्रश्न धरून तो तिन्ही ठिकाणी फिरवायला लागल्यावर. वर्गात विचारलेला प्रश्न लेखात गेला, लेखातला बैठकीत, आणि बैठकीत लोकांनी त्याची जी वाट लावली ती पुन्हा वर्गात आली. या लेखात मी असा एकच प्रश्न बरोबर घेऊन चालणार आहे, आपल्या गावातलाच: देवाला कौल लावून केलेल्या कामाची जबाबदारी कोणाची? (कौल लावणं म्हणजे मूर्तीला फुलांचे कळे चिकटवून, कुठला पडतो त्यावरून देवाचा होकार की नकार ते ठरवणं.)

पहिली पायरी: पात्रतेचा कागद

अभ्यास सगळेच करतात, कागद मात्र अनेकांचा राहून जातो. सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गांना ५०) आणि त्यावर नेट किंवा सेट, म्हणजे देशपातळीची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. पीएच.डी. असेल तर चांगलंच, पण २०२३ पासून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत या पदासाठी ती सक्तीची नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नेट-सेट, मग पीएच.डी. उलट क्रमाने गेलेले माझे दोन मित्र पस्तिशी ओलांडून अजून प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहेत.

नेट साधारण जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. एकाच बैठकीत तीन तासांत दोन पेपर. पहिला सर्वांना समान, ५० प्रश्न आणि १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि बहुतेक मुलं भारतीय दर्शनांवर सगळा वेळ घालवतात. माझा अनुभव उलटा आहे. तर्कशास्त्राचा घटक सर्वांत आधी पक्का करा, कारण तिथे मतभेदाला जागा नाही, सत्यता-कोष्टक एकतर बरोबर असतं नाहीतर चूक. त्यानंतर समकालीन भारतीय विचारवंत घ्या. फुले, आंबेडकर, एम. एन. रॉय ही नावं मराठी मुलांनी शाळेपासून ऐकलेली असतात, पण परीक्षेत त्यांच्या तत्त्वज्ञानावर प्रश्न आला की गोंधळतात, कारण आपण त्यांना इतिहासाच्या पुस्तकातच सोडून आलेलो असतो.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे सोयीचं आहे. सावंतवाडीहून पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. मात्र गोव्यातल्या जागांना कोकणीचं ज्ञान आणि रहिवासाची अट असते, ती जाहिरातीत आधी वाचा, मग फॉर्म भरा.

वय तिशीच्या आत असेल तर जेआरएफचा, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीचा, प्रयत्न जरूर करा (महिलांना आणि राखीव प्रवर्गांना वयाची सवलत आहे). २०२३ पासून ही शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. कोकणात या पैशात माणूस नीट जगतो आणि पुस्तकंही घेतो. ज्यांना एम.ए.साठी घर सोडता येत नाही त्यांना इग्नूचा तत्त्वज्ञानाचा एम.ए. आहे. ज्यांना जमतं त्यांनी दोन वर्षं मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या विभागात काढावीत. अभ्यासक्रमापेक्षा तिथे आपल्यापेक्षा हुशार माणसांकडून भर वर्गात हरायची सवय लागते, आणि ती पुढे फार उपयोगी पडते.

आणखी एक, पावसाळी सत्रातलं. परीक्षाकेंद्र घाटावर आलं तर आदल्या दिवशीच पोचा. दरड तुमचं हॉलतिकीट बघत नाही.

दुसरी पायरी: शिकवायला जागा शोधणं

कायम जागेची जाहिरात येईल तेव्हा येईल. तोवर तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी. याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. तासाला पैसे, सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि जे मिळतात तेही उशिरा. एका महाविद्यालयाने माझं मानधन सात महिने थकवलं होतं. आता मी तीन नियम पाळते. नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय पहिला तास घ्यायचा नाही. तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवून दर महिन्याला त्यावर विभागप्रमुखांची सही घ्यायची. आणि आठवड्याचे सगळे तास लागोपाठच्या तीन दिवसांत मागून घ्यायचे, म्हणजे उरलेले दिवस लिहायला आणि दुसऱ्या कामाला मोकळे राहतात. तिसरा नियम मागितल्याशिवाय मिळत नाही. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाशी जूनमध्येच बोला, जुलैत उशीर झालेला असतो.

पदवीला तत्त्वज्ञान हा मुख्य विषय ठेवणारी महाविद्यालयं आपल्याकडे थोडी. पण नव्या शैक्षणिक धोरणानंतर मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली अशा नावांचे छोटे अभ्यासक्रम सगळीकडे आले आहेत आणि ते कोणी शिकवायचे हा प्राचार्यांचा खरा प्रश्न आहे. अनेक ठिकाणी ज्याचे तास कमी पडतात त्याच्या गळ्यात ते पडतात. तिथे तुम्ही दोन पानांचा तयार आराखडा घेऊन जा: पंधरा तासांत काय शिकवणार, कोणते उपक्रम, मूल्यमापन कसं. सोबत प्रमाणपत्रांची जाड फाईल नेऊ नका, ती कोणी उघडत नाही.

अकरावी-बारावीला राज्य मंडळाचे तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र असे दोन्ही विषय आहेत. त्यासाठी बी.एड. लागतं आणि अनुदानित संस्थांतली भरती अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शासनाचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ, या मार्गाने होते. बी.एड. करायचंच असेल तर एम.ए.च्या पाठोपाठ उरकून टाका.

आता पोटाचं. माझ्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा कुठून येतो हे सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतून. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे आणि तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषयही आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तिच्यातही नीतिशास्त्र आलं. तालुक्याच्या ठिकाणच्या अभ्यासिकांत इतिहास-भूगोल शिकवणारे पुष्कळ असतात, नीतिशास्त्राची केस स्टडी नीट सोडवून दाखवणारा क्वचित. विधीच्या प्रवेश परीक्षेत तर्कक्षमतेचे प्रश्न असतात, तिथेही आपला हात चालतो. काही विद्वानांना हे काम हलकं वाटतं. मला नाही वाटत. तलाठ्याच्या मुलीला परिणामवाद (कृती तिच्या परिणामावरून तोलायची) आणि कर्तव्यवाद (ती कर्तव्यावरून तोलायची) यांतला फरक कळला आणि तिने तो स्वतःच्या घरच्या जमिनीच्या वादाला लावून दाखवला, त्या दिवसाइतकं समाधान मला कुठल्याच चर्चासत्रात मिळालेलं नाही.

शिकवायचं कसं, याचा एक नमुना देते. भारतीय ज्ञानमीमांसेत प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, शिकवायची आहेत. न्यायदर्शन चार मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. हे फळ्यावर लिहून दिलं तर मुलं पाठ करतात आणि विसरतात. मी तास सुरू करते तो कौलाने. गुरवाने देवाच्या मूर्तीला कळे लावले, उजवीकडचा पडला, देवाने होकार दिला. हे ज्ञान कुठल्या प्रमाणाने झालं? एक मुलगा म्हणतो प्रत्यक्ष, कळा पडताना डोळ्यांनी दिसला. मग दुसरी विचारते, कळा पडलेला दिसला, होकार कुठे दिसला? तिथे अनुमान आलं. मग व्याप्ती काय? उजवा कळा आणि देवाचा होकार यांचा नित्य संबंध कोणी पाहिला? कोणी तरी म्हणतं, वाडवडील सांगत आले. झालं, शब्दप्रमाण दारात उभं. आता आप्त, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा असा माणूस, कोणाला म्हणायचं, हा प्रश्न मला विचारावाच लागत नाही. या तासात मी एकदाही कौल खरा की खोटा हे सांगत नाही. सांगितलं की अर्धी मुलं सुखावतात, अर्धी रुसतात आणि विचार सगळ्यांचाच थांबतो.

लहान मुलांसाठी मे महिन्यात वर्ग घेता येतात. अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात मुलांना गोष्ट वाचायला देऊन तिच्यावर त्यांचेच प्रश्न काढायला लावायची पद्धत रुजवली. ती आपल्या घरापुढच्या खळ्यात आंब्याच्या आढीशेजारी बसूनही तितकीच चालते. दहा ते बारा मुलं, पाऊण तास, त्याहून जास्त नको.

तिसरी पायरी: लिहिणं

आधी रोजच्या लिखाणाची वही. वर्ग किंवा बैठक झाली की त्याच रात्री तीन गोष्टी टिपायच्या: कोणता प्रश्न विचारला, सर्वांत अनपेक्षित उत्तर कोणतं आलं, आणि मी कुठे अडकले. माझे आजवरचे बरे लेख तिसऱ्या रकान्यातून निघाले आहेत.

मराठीत तत्त्वज्ञान लिहिताना परिभाषेची अडचण पहिल्याच पानावर येते. दे. द. वाडेकरांनी संपादलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४, तीन खंड) जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात मिळवा आणि हाताशी ठेवा. शब्द नवा घडवण्याआधी तो आहे का ते पाहायचं. आणि असला तरी वर्तमानपत्रात तो वापरायचाच असं नाही. 'ज्ञानमीमांसा' हा शब्द नियतकालिकात ठीक आहे, स्थानिक पुरवणीत 'आपल्याला कळतं ते कशावरून कळतं' एवढं लिहिलं तरी काम भागतं.

कुठे पाठवावं? तीन पायऱ्या आहेत. स्थानिक दैनिकाची रविवारची पुरवणी, सहाशे-सातशे शब्द. मानधन बहुधा नाही, पण गावात वाचतात आणि शिव्याही देतात, तेही मोलाचं. त्यावर दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. संपादकाला विषय कळवायचा तो एप्रिल-मेमध्ये, लेख द्यायचा जुलैअखेर. गणपतीनंतर पाठवलेला लेख पुढच्या वर्षीच्या फायलीत जातो. आणि तिसरी पायरी वैचारिक नियतकालिकांची: वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत', पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं 'परामर्श'. यांचे मागचे पाच-सात अंक वाचल्याशिवाय काही पाठवू नका. लेख कोणत्या चर्चेत भर घालतो हे पहिल्या पानावर स्पष्ट हवं.

पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात म्हणून पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांचे मेल तुम्हाला रोज येतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळे आता चांगलं-वाईट ओळखायची जबाबदारी आपल्यावरच आली. माझी चाचणी साधी आहे. संपादक मंडळातल्या एका माणसाचं काम मी वाचलं आहे का? नसेल तर नाही.

कौलाचा लेख मी तीनदा लिहिला. पहिल्या खर्ड्यात जर्मन तत्त्वज्ञ कांट होता. १७८४ सालच्या त्याच्या प्रबोधनावरच्या निबंधापासून सुरुवात, दुसऱ्याच्या मार्गदर्शनावाचून स्वतःची बुद्धी वापरण्याचं धैर्य वगैरे, आणि मग शेवटी आमचं गाव. संपादकांनी परत पाठवला, वर एक ओळ: गाव आधी आणा. दुसऱ्या खर्ड्यात गाव आलं पण मी गावाला शहाणपण शिकवत होते. तिसऱ्यात फक्त एक प्रसंग ठेवला: कौल विचारून गावी परतलेलं आणि नंतर पस्तावलेलं कुटुंब, आणि त्यातल्या प्रत्येकाला चूक कोणाची वाटते ते. कांट एका परिच्छेदात मावला. तो छापून आला. प्रसंगातली माणसं ओळखू येणार नाहीत इतके तपशील बदला. दहा हजार वस्तीच्या गावात "एक गृहस्थ" म्हटलं तरी सगळ्यांना घर कळतं.

पुस्तक काढायची घाई नको. वीसेक लेख झाल्यावर त्यातले आठ टिकतात का पाहा. आयएसबीएन केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नका. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

चौथी पायरी: माणसं जमवणं

माझा पहिला कार्यक्रम पूर्ण फसला, आणि तो नेमका का फसला हे समजून घेण्यातच मी ही पायरी शिकले. जुलै महिना, गुरुपौर्णिमेच्या आसपासचा रविवार. पुण्याहून मोठे वक्ते बोलावले, फ्लेक्स लावला, शंभर खुर्च्या मांडल्या. आले अकरा, त्यांतले तीन माझ्या घरचे. बाहेर धो धो पाऊस आणि सगळं गाव लावणीला शेतात. वक्त्यांनी सव्वा तास अद्वैतावर उत्तम भाषण केलं. परतीच्या गाडीला दोन तास उशीर झाला आणि तेवढा वेळ त्यांना स्टेशनवर एकट्याला बसावं लागलं, कारण मी खुर्च्या परत देत होते.

तेव्हापासून आधी पंचांग, मग विषय. कोकणाचं वर्ष भिंतीवर लिहून काढा. जूनअखेर ते जुलै लावणी, कोणालाही बोलावू नका. गणपतीत घरं भरलेली असतात पण माणूस मोकळा नसतो, भजन आणि आरत्यांतून उसंत नाही. ऑक्टोबरात भातकापणी. दिवाळीनंतर कार्तिकापासून जत्रा आणि दशावतारी नाटकं सुरू होतात, त्या रात्री आपला कार्यक्रम ठेवला तर आपणच नाटकाला जावं. शिमग्यात पालख्या. मग उरतं काय? नोव्हेंबर-डिसेंबरातल्या जत्रा चुकवून मिळणारे दिवस, जानेवारी-फेब्रुवारी, आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा, जेव्हा चाकरमानी आलेले असतात आणि संध्याकाळी खळ्यात बसायला तयार असतात. मेमधल्या बैठकी माझ्या सर्वांत चांगल्या झाल्या आहेत. मुंबईत राहणारा मुलगा आणि गावात राहणारा बाप एकाच प्रश्नावर एकमेकांसमोर बोलतात, घरात ते होत नाही.

पण वर्षातून दोनदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर महिन्याला छोटी बैठक करा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. माझी दुसऱ्या शनिवारी असते. पॅरिसमध्ये मार्क सोते यांनी १९९२ साली काफे दे फारमध्ये तत्त्वज्ञानाच्या बैठकी सुरू केल्या, त्याही दर रविवारी सकाळी, ठरलेल्या वेळीच भरत. लोकांना विषय आठवत नाही, वार आठवतो. पावसात मी बैठक बंद करत नाही, वाचनालयाच्या आतल्या खोलीत घेते. चारच जण आले तरी घ्यायची. एकदा मी आणि ग्रंथपाल दोघंच होतो, तीही झाली.

जागेचं म्हणाल तर वाचनालयासारखी जागा नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. कोकणात दीडशे-दोनशे वर्षं लोक वाचायला एका छताखाली जमत आले आहेत, आपल्याला नवं काही उभारायचं नाही. वाचनालयांना वार्षिक अहवालासाठी कार्यक्रम हवेच असतात, त्यामुळे हॉल बहुधा फुकट मिळतो. मागायला जाताना तारखांचं वर्षभराचं पत्रक घेऊन जा. (चिपळूणचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते: २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मी माझ्या सगळ्या टिपणवह्या माळ्यावर नेल्या आणि फोनवर फोटो काढून ठेवले. तुम्हीही ठेवा.)

वेळ संध्याकाळी चार ते सहा. याचं कारण तत्त्वज्ञानात नाही, एसटीच्या वेळापत्रकात आहे. शेवटची वस्तीची गाडी सुटायच्या आत बाया आणि मुली घरी निघू शकल्या पाहिजेत. सात वाजता ठेवलेल्या बैठकीत मला फक्त स्कूटरवाले पुरुष दिसले. बाहेरगावचा वक्ता असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं हे त्याला तुम्ही कळवायचं, त्याला ते माहीत नसतं.

आता बैठकीची रीत. भाषण नको. मी आमच्याच शक्ती-तुऱ्याकडून, या सवाल-जवाबाच्या लोककलेकडून, रीत उचलली आहे. चिपळूण-गुहागरकडची मंडळी जाणतात: तुरेवाला शाहीर शिवाची, म्हणजे पुरुषतत्त्वाची बाजू घेतो, शक्तीवाला शक्तीची, मायेची. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच रात्री उत्तर द्यायचं. सांख्य आणि वेदान्ताचा वाद ढोलकीच्या तालावर चालतो आणि समोरची माणसं पहाटेपर्यंत उठत नाहीत. कोकणी माणसाला जड विषय आवडत नाहीत असं मला पुन्हा कोणी सांगू नये.

मी त्याचं साधं रूप करते. सुरुवातीला पाच मिनिटं प्रसंग सांगायचा, मत नाही. मग दोन बाजू, उजवीकडे आणि डावीकडे बसायचं. एका बाजूने सवाल करायचा, दुसरीने आधी तो सवाल स्वतःच्या शब्दांत सांगून दाखवायचा, सवाल करणारा "हो, हेच म्हणालो" म्हणाला की मगच उत्तर. या एका अटीने निम्मी भांडणं मिटतात. पाऊण तासाने बाजू बदलायच्या: जे कौलाच्या बाजूने बोलत होते त्यांनी आता विरुद्ध बोलायचं. इथे लोक हसतात, अडखळतात आणि खरा विचार सुरू होतो. शेवटी ठराव करायचा नाही, हात वर करून मत घ्यायचं नाही. घड्याळ बघणारा एक माणूस नेमा, तो तुमचा विद्यार्थी नसावा, कारण विद्यार्थी वडीलधाऱ्यांना थांबवत नाही. मी निवृत्त एसटी कंडक्टरला हे काम दिलं आहे. तो बरोबर वेळेवर घंटी मारतो.

कौलाच्या बैठकीआधी मी गुरवांकडे आणि गावकरांकडे (गावच्या मानकऱ्यांकडे) स्वतः गेले. परवानगी मागायला नाही, आमंत्रण द्यायला. विषय श्रद्धेचा असेल तर तो ज्यांच्या हातात आहे त्यांना बाहेरून कळता कामा नये. प्रश्नही आधी दाखवले: कौल उजवा आला आणि काम फसलं तर चुकलं कोण? नको तो कौल आला म्हणून पुन्हा लावला तर चालतं का, आणि किती वेळा? विचारण्याआधी मनात उत्तर ठरलेलं असतं का? गुरव हसले, म्हणाले दुसरा प्रश्न आम्हालाही पडतो. बैठकीत एक मच्छीमार उठले: "देवान उजवो कौल दिल्यान, आणि होडी बुडाली. मगे चुकलो कोण?" त्यावर दुसऱ्याने विचारलं, तू देवाला काय विचारलं होतंस, होडी घेऊ का की आज समुद्रात जाऊ का? दहा मिनिटं सगळे प्रश्न कसा विचारावा यावर बोलत होते. मी पूर्वी जे एका सत्रात शिकवायचे ते त्यांनी तिथे खाली बसून केलं.

सगळं नेहमी असं होत नाही. एका बैठकीत दोन पुढाऱ्यांनी निवडणुकीचं भांडण आणलं आणि मला ती अर्ध्यावर बंद करावी लागली. निवडणुकीच्या आधीचे दोन महिने मी आता न्याय, सत्ता, जात हे विषय घेत नाही. भित्रेपणा म्हणा हवं तर. बैठक पुढच्या महिन्यात भरली पाहिजे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वर्षातून एक मोठा दिवस हवा असेल तर नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार घ्या, युनेस्कोचा जागतिक तत्त्वज्ञान दिन, २००२ पासून साजरा होतो. १९७७ साली स्थापन झालेली भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद यासाठी महाविद्यालयांना अनुदान देते. अर्ज संस्थेमार्फत करावा लागतो आणि खर्चाच्या मूळ पावत्या लागतात. मंडपवाला पावती देतो का हे त्याला ठरवायच्या आधी विचारा.

पाचवी पायरी: पैसे, नोंदणी

मासिक बैठकीचा माझा खर्च चहा, कांदाभजी आणि सतरंजीच्या धुलाईचा. दाराशी डबा ठेवते, त्यात जमतं तेवढ्यात भागतं. माईक लावत नाही. बाहेर उघड्यावर मोठा कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी काढा आणि रात्री दहाला बंद करा.

संस्था नोंदवायची घाई करू नका. दोन वर्षं बैठक टिकली आणि कोणाला देणगी द्यायची असेल, तेव्हा सात माणसं गोळा करून धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात नोंदणी करा. सात जणांत एक हिशेब ठेवणारा, एक भांडण मिटवणारा हवा. तत्त्वज्ञ एकच पुरे. नोंदणी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज यांचं काम मागे लागतं, ते करायला माणूस नसेल तर वाचनालयाच्या छत्राखालीच राहा.

व्याख्यानाला बोलावतात तेव्हा मानधन आधी विचारा. मला पाच वर्षं संकोच वाटला आणि पाच वर्षं शाल-श्रीफळ मिळालं. घरात आठ शाली आहेत. आता मी फोनवरच सांगते: प्रवासखर्च आणि एवढे मानधन, शाल नको. कोणीही अजून रागावलेलं नाही.

पुढच्या बैठकीची नोटीस व्हॉट्सॲपवर टाकली आहे. नमुना म्हणून इथे देते, हवी तर उचला:

"दुसरा शनिवार, दुपारी ४ ते ६, वाचनालयाची आतली खोली. प्रश्न: बागेतलं कलम आजोबांनी लावलं, फळ आपण खाल्लं, बाग विकायचा हक्क कोणाचा? बोलायलाच हवं असं नाही, ऐकायलाही या. भजी आहेत. ६.२० ची गाडी मिळेल."